अमूल्य म्हणजे फुकट

मराठीत काही शब्द असे आहेत की ते कानावर पडले की मी आधी खिसा चाचपतो. 'अमूल्य' हा त्यांतला अग्रगण्य. 'आपण आपला अमूल्य वेळ दिलात' असं कुणी म्हणालं की समजावं, या वेळेचं मूल्य काही आता मिळायचं नाही. ज्याचं मूल्य द्यायचं असतं त्याला कुणी अमूल्य म्हणत नाही. प्लंबर येऊन मोरीचा नळ दुरुस्त करतो. त्याला 'आपल्या अमूल्य सेवेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत' असं म्हणून बघा. तो पान्हा पिशवीत टाकत शांतपणे म्हणेल, "साहेब, साडेचारशे झाले."

मला स्वतःला या शब्दाचा चांगला अनुभव आहे. गेली पंचवीस वर्षं मी गावोगावच्या व्याख्यानमालांतून बोलत आलो. बोलून झालं की चिटणीस उठतात, अमूल्य विचारांबद्दल आभार मानतात आणि माझ्या अंगावर शाल घालतात. वर एक नारळ. आमच्या कपाटात सध्या एकोणीस शाली आहेत. पुण्याची थंडी वर्षातून जेमतेम वीस दिवस पडते, म्हणजे रोज एक पांघरली तरी फक्त एका दिवसाची तूट आहे. नारळाची चटणी होते, पण शालीचं काही होत नाही. वाण्याला शाल देऊन तांदूळ मागता येत नाहीत. मग आमची सौ. युक्ती करते. कुणाची एकसष्टी आली की त्यातली एक शाल त्यांना. ते गृहस्थ ती आणखी कुणाला देतात. एका शालीच्या कोपऱ्यावर मला माझ्याच घरचा हळदीचा डाग पुन्हा भेटला होता, पण ते असो.

ही कैफियत नव्हे. सांगायचं एवढंच, की या शालींमुळे मी थेट उत्तर समुद्रातल्या शेटलंड बेटांवरच्या बायकांचा, चुलत का होईना, नातलग लागतो. कसा, ते सांगतो.

माझा एक भाचा स्कॉटलंडात ॲबर्डीनला असतो. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही दोघं त्याच्याबरोबर बोटीने लेरविकला गेलो. संध्याकाळी बोटीत बसायचं आणि सकाळी उतरायचं. शेटलंड म्हणजे शंभरेक बेटांचा पुंजका, त्यांतल्या सोळाएक बेटांवर माणसं राहतात. बाकीच्यांवर मेंढ्या आणि पक्षी. नकाशे काढणारे कागद वाचवण्यासाठी ही बेटं उचलून भलत्याच समुद्रात एका चौकटीत बसवायचे. शेवटी लोक इतके वैतागले की 2018 च्या स्कॉटलंडच्या बेटांविषयीच्या कायद्यात सरकारी नकाशांपुरतं त्याविरुद्ध कलमच घातलं. आपल्या जागी दाखवा, एवढीच मागणी. मला ती फार पटली.

झाडं जवळजवळ नाहीत. वारा मात्र इतका, की टोपी घालायची असेल तर ती दोन्ही हातांनी घालावी लागते आणि मग हात काढता येत नाहीत. अशा ठिकाणी जगायचं तर लोकर हवीच. तिथली मेंढी लहानखुरी, काटक. पांढरी, काळी, करडी, तपकिरी अशा कितीतरी रंगांची. उन्हाळ्याच्या तोंडाला तिची लोकर आपोआप सैल होते, आणि पूर्वी ती कातरत नसत, हाताने हळूहळू उपटून घेत. त्यातली मानेजवळची लोकर सगळ्यांत तलम. तिच्या अनस्ट बेटावरच्या शाली अशा होतात, की भलीमोठी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढून काढता येते. आमच्या ढाक्याच्या मलमलीची कथा सांगायला मी तोंड उघडलंच होतं, पण सौ.ने डोळे वटारले.

तिथल्या बायका पूर्वी चालता चालता विणायच्या. कमरेला कातड्याचा पट्टा, त्यात घोड्याचे केस भरलेले आणि वर भोकं पाडलेली. सुईचं एक टोक त्या भोकात रुतवायचं, म्हणजे सुई धरायची कटकट नाही. पाठीवर पीटची टोपली. पीट म्हणजे दलदलीतली कापून वाळवलेली माती, तेच त्यांचं जळण. पाठीवर जळण, पायाखाली चिखल, हातात अर्धा मोजा, असे जुने फोटो आहेत. आपल्याकडे डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर असतं, तसंच. जगातल्या कुठल्याही मुलखात बाईचे हात रिकामे राहू नयेत याची व्यवस्था मात्र चोख असते.

शेटलंडच्या दक्षिणेला फेअर आइल म्हणून एक एकटंच बेट आहे. पाचेक किलोमीटर लांब, वस्ती पन्नासेक माणसांची. म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका विंगेपेक्षाही कमी, पण नाव जगभर. कारण तिथलं रंगीत नक्षीचं विणकाम. लांबून बघितलं तर वाटतं, एका ओळीत सात-आठ रंग असतील. असतात फक्त दोन. जो रंग त्या क्षणी लागत नाही तो धागा मागून चालत राहतो, पाळी आली की पुढे येतो. सौ. दुकानात शिरली ती सरळ एक स्वेटर उचलून तिने उलटा केला. दुकानातल्या बाईंचा चेहरा एकदम खुलला. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण पंधरा मिनिटं 'सुलट-उलट' चाललं होतं. विणणारीची परीक्षा उलट बाजूवर होते म्हणे. मागचे धागे ताणलेले नकोत आणि लोंबणारेही नकोत.

भाच्याने किमतीची चिठ्ठी बघितली. चारशे पौंड. "मामा, 40,000 च्या वर जातात की हो!" तो ओरडला. सौ.ने शांतपणे विचारलं, "किती तास लागतात?" बाई म्हणाल्या, शंभर तास सहज. सौ.ने तोंडी भागाकार केला. तासाला चार पौंड. त्यातून लोकर वजा. तिकडच्या कायद्यातल्या किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. "म्हणजे तुझ्या हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोराला जास्त मिळतात," ती भाच्याला म्हणाली. भाचा चिठ्ठी पुन्हा वाचू लागला.

आता आपणही या प्रकरणाची जरा उलट बाजू बघू.

लेरविकला 1792 साली आर्थर अँडरसन नावाचा मुलगा जन्मला. समुद्रकाठी मासे वाळवणाऱ्या या पोराने पुढे पी. अँड ओ. ही जहाज कंपनी काढण्यात वाटा उचलला. आपल्याकडची मंडळी बॅरिस्टर व्हायला मुंबईहून ज्या बोटींत बसून जात, त्याच कंपनीच्या. त्याने नव्याने गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम मोजे भेट दिले. राणीने घातले म्हटल्यावर साऱ्या बड्या घरांतले पाय शिवशिवू लागले. शालींना मागणी आली, लेरविकचे व्यापारी सुखावले. आणि विणणाऱ्या? त्यांना चहा मिळाला.

थट्टा नाही. खरोखर चहा. शाल दुकानात द्यायची आणि बदल्यात दुकानातलाच माल घ्यायचा. चहा, साखर, कापड. रोकड मागितली तर मिळायची नाही. फार तर एक चिठ्ठी, जी पुन्हा त्याच दुकानात चालायची. 1872 साली सरकारी चौकशी झाली तेव्हा बायकांनी साक्षी दिल्या. त्या प्रश्नोत्तरांचा जाडजूड ग्रंथ आहे. खायला पीठ हवं, तर मिळालेला चहा शेजारपाजारी फिरवून त्याचं पीठ करायचं. अंगावर नवं कापड आणि चुलीवर काही नाही, अशी गत. माझ्या एकोणीस शाली आठवून मला त्या ग्रंथात एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. फरक इतकाच, की माझं पोट शालींवर नव्हतं, त्यांचं होतं. पुढे कायदे झाले, तरी ही रीत काही दशकं चिवटपणे टिकली.

मग युवराजांची स्वारी. 17 नोव्हेंबर 1921 ला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. त्यांच्या स्वागताला बहिष्कार, परदेशी कपड्यांची होळी आणि दंगल, असा बेत होता. पुढल्याच वर्षी, 1922 मध्ये, हेच युवराज सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळायला उतरले ते फेअर आइलचा नक्षीदार स्वेटर घालून. झालं! ज्याच्या-त्याच्या छातीवर ती नक्षी. एका माणसाचे कपडे इथे लोक जाळत होते आणि तिथे त्याचेच कपडे बघून लोक रांगा लावत होते. कपड्यांची किंमत शेवटी कापडात नसते, ती कुणाच्या अंगावर आहे यात असते, हे दोन्हीकडच्या लोकांना बरोबर कळलं होतं.

किंमत वाढवायचा दुसरा उपाय म्हणजे दंतकथा. 1588 मध्ये स्पेनच्या आरमारातलं एक जहाज फेअर आइलवर फुटलं, हे खरं. त्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना नक्षी शिकवली, हे मात्र कुणी जाणता माणूस मान्य करत नाही. समुद्रात बुडता बुडता वाचलेले स्पॅनिश खलाशी किनाऱ्याला लागताच सुया मागतात, हे दृश्य मला तरी डोळ्यांसमोर आणता येत नाही. आयर्लंडच्या आरन बेटांवरच्या पांढऱ्या स्वेटरची कथा तर आणखी हृदयद्रावक. म्हणे प्रत्येक घराण्याची विण वेगळी, म्हणजे बुडालेल्या कोळ्याचं प्रेत वाहत आलं तर स्वेटरवरून ओळख पटावी. ही घराण्याची विण खरी नाही. ते स्वेटर आजच्या रूपात विसाव्या शतकातलेच. सिंग या नाटककाराच्या 1904 मधल्या नाटकात बुडालेल्या भावाला बहीण ओळखते ती मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून. नाटकातला मोजा बाजारात येईपर्यंत स्वेटर झाला. त्यात ऑक्सफर्डच्या हाइन्झ किवे नावाच्या लोकर-दुकानदाराने त्या विणीचं नातं प्राचीन पोथ्यांतल्या नक्षीशी जोडून दिलं. गिऱ्हाईक गहिवरलं आणि गहिवरलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

कथेला माझी ना नाही. कथा सांगूनच मी शाली मिळवतो. पण मौज बघा, लोक बुडालेल्या कोळ्याच्या कथेचे पैसे देतात आणि जिवंत विणणारीच्या शंभर तासांचे द्यायचे म्हटले की 'फार महाग बुवा' म्हणतात.

इथे खरा प्रश्न येतो. आणि तो शेटलंडचा नाही, आपल्या घरातला आहे. प्रेमाने केलेल्या कामाचे पैसे घ्यावेत का? आणि द्यावेत का?

आमच्या एक मावशी आहेत. वय ब्याऐंशी. आमच्या घराण्यात जन्माला आलेल्या प्रत्येक पोराच्या अंगावर पहिलं काय चढलं असेल तर मावशींचं झबलं-टोपरं. एकदा एक लांबची सूनबाई लोकरीचे सहा गुंडे घेऊन आली. "मावशी, माझ्या बॉसच्या मुलाला एक करून द्या ना. तुम्ही काय, प्रेमाने करता. पैसे विचारायचीसुद्धा लाज वाटते."

मावशी म्हणाल्या, "प्रेम माझं, बरं. लोकर तुझी. आणि डोळे कुणाचे धरायचे, बाळ?"

दुसरा प्रसंग त्याहून बोधप्रद. एका प्रदर्शनवाल्या बाईंनी मावशींकडून तीनशे रुपयांना एक, असे डझनभर स्वेटर घेतले. आम्ही मावशींना कौतुकाने प्रदर्शन दाखवायला नेलं. त्यांच्या स्वेटरला एक गोंडस चिठ्ठी लटकत होती, 'आजीच्या मायेची ऊब', किंमत तीन हजार. मावशींनी चष्मा पुसून चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाल्या, "अरे, माया तीनशेची आणि ऊब सत्तावीसशेची होय?"

प्रेमाच्या कामाचे पैसे घेतले की प्रेम नासतं, असं आपण धरून चालतो. पण सगळीकडे नाही. सत्यनारायणाला गुरुजी येतात. देवाचं काम. तरी दक्षिणा पाटावर ठेवतो, आणि कमी ठेवली तर गुरुजी मंत्राचा वेग वाढवून ते आपल्याला कळवतात. डॉक्टर जीव वाचवतात आणि बिलही देतात. मग प्रेम नासण्याची भीती नेमकी स्वयंपाक, शिवण, विणकाम, आजारपण काढणं इथेच का? ही कामं कुणाच्या वाट्याला येतात ते बघितलं की उत्तर सापडतं.

पेरूमधल्या टिटिकाका सरोवरात तकिले नावाचं बेट आहे, समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरवर. तिथे पुरुष विणतात. मुलगा लहानपणी सुया हातात घेतो आणि लग्नाच्या वेळी सासरा म्हणे जावयाने विणलेल्या टोपीत पाणी ओतून बघतो, गळते का. (हे मी घरी सांगितलं नाही.) तिथलं विणलेलं सामान गावाच्या सहकारी दुकानात ठरलेल्या किमतीला जातं. पुरुष विणायला लागले की किमती ठरतात, हा मी काढलेला सिद्धांत आहे. पण बायकांनाही ते साधतं. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाची सुरुवात केली. पापड घरोघरी लाटले जातच होते, अमूल्य म्हणून. या सातजणींनी त्यांचं मूल्य ठरवलं, म्हणून त्यांच्या पापडातला जिव्हाळा काही कमी झाला नाही. निदान तळताना तरी तसं जाणवत नाही.

तुम्ही म्हणाल, असं सगळ्याचंच बिल करायचं तर आजी आणि दुकान यांत फरक काय राहिला? नातवाच्या टोपऱ्याची पावती फाडायची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला शेटलंडनेच दिलं. 1970 नंतर त्या समुद्रात तेल सापडलं. 1978 मध्ये सलम व्हो इथल्या तळावर पहिलं तेल आलं. कँटीनमध्ये, ऑफिसात, साफसफाईला बायका हव्या होत्या आणि पगार रोख मिळत होता. कितीतरी जणींनी बाजारासाठी विणणं बंद केलं. बाहेरचे लोक हळहळले, परंपरा बुडाली म्हणून. बुडाली नाही. 2010 मध्ये कौन्सिलने शाळांतले विणकामाचे तास बंद केले तेव्हा पुढे स्वयंसेवकांनी मुलांना शिकवायचं काम अंगावर घेतलं. त्याच साली सुरू झालेल्या लोकर-सप्ताहाला आता जगभरची माणसं जातात. आणि घरातल्या पोराला, शेजारच्या बाळाला, लग्नाच्या मुलीला विणून देणं तर कधी थांबलंच नव्हतं. थांबलं ते चहासाठी विणणं.

म्हणजे हे असं आहे. जिला 'नाही' म्हणता येतं, तिनेच दिलेली भेट ही भेट. जिला नाही म्हणायची सोयच नाही, तिच्याकडून घेतलेल्या वस्तूला भेट म्हणणं ही घेणाऱ्याची सोय आहे. मावशींनी नातवाचं टोपरं फुकट करावं, हवं तर उलट त्यालाच खाऊला पैसे द्यावेत. तो त्यांचा अधिकार. पण तो अधिकार त्यांचा आहे, सूनबाईच्या बॉसचा नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. 1872 च्या त्या बायका ज्या शाली चहाच्या भावाने देत होत्या, त्या अंगठीतून जाणाऱ्या होत्या. चिडून विणलेली शाल अंगठीतून जात नाही. टाका घट्ट पडतो. म्हणजे इतक्या अन्यायातही त्यांनी कामात जीव ओतला होता. व्यापाऱ्याने मजुरी बुडवलीच, पण तो जीवही हिशेबात न धरता घेतला. मजुरी बुडवणं हे पाप कायद्याला दिसतं. हे दुसरं कुठल्या कलमात बसत नाही.

मंडईत आपण भाजी घेतली की भाजीवाल्या मावशी वर चार काड्या कोथिंबीर टाकतात. त्या कोथिंबिरीला किंमत नाही. मागितली तर कधी मिळते, कधी 'आज महाग हाय' म्हणून नाही मिळत, आणि न मागता मिळाली तर दिवस चांगला जातो. प्रेम हे असं वरच्या कोथिंबिरीसारखं आहे. त्याचे पैसे कुणी लावू नयेत. पण भाजी न घेता, नुसतीच पिशवी पुढे करून रोज कोथिंबीर मागणाऱ्याला त्या मावशी काय म्हणतील, ते इथे छापता येणार नाही. आधी भाजीचे पैसे मोजावेत. सुट्टे असतील तर फारच उत्तम.